ब्रुनिल्दाची जुनी प्रत

दोन्या ब्रुनिल्दाच्या पोटात दुखायला लागलं ते तिची धाकटी बहीण इराइदा न्यूयॉर्कहून कायमची परत आली त्या दिवसापासून. डॉक्टरला दाखवण्यातलं ते दुखणं नव्हतं. इराइदा विमानातून उतरली ती पांढरी पँट घालून, केसांना लालसर रंग लावून, आणि सत्तरीला टेकलेली बाई पन्नाशीची दिसत होती. गुडघासुद्धा नवा बसवून घेतलेला. त्या नव्या गुडघ्यावर ती अशी ठुमकत आली की ब्रुनिल्दा विमानतळावरच मनात म्हणाली, झालं, आली बया.

तोवर बेटावरच्या गुआयामा गावातल्या म्हाताऱ्यांच्या केंद्रात ब्रुनिल्दाचं राज्य होतं. दोन्या म्हणजे बाईसाहेब; तिकडे वयस्क बाईला मानाने असंच म्हणतात. केंद्र म्हणजे नगरपालिकेची एक लांबुळकी इमारत. सकाळी कॉफी, दुपारी भात आणि तुरीचे दाणे, एका कोपऱ्यात डॉमिनोचं टेबल आणि दुसऱ्या कोपऱ्यात टीव्ही. टीव्हीखाली खेळाचा पांढरा डबा. हातात पांढरी कांडी धरायची, हात मागे नेऊन पुढे झुलवायचा, की पडद्यावरचा आपला बाहुला चेंडू सोडतो आणि समोरच्या दहा खुंट्या पाडतो. बाहुला ज्याने त्याने स्वतः घडवलेला. आपलं नाक, आपला चष्मा, आपलं टक्कल. चांगलं खेळलं की बाहुल्याच्या नावापुढचा आकडा चढतो, वाईट खेळलं की उतरतो, आणि हजाराच्या वर गेला की चेंडूवर तारे उमटतात. केंद्रात तारे पहिल्यांदा उमटले ते ब्रुनिल्दाच्या चेंडूवर. दरवर्षी पोन्सेला सगळ्या केंद्रांची स्पर्धा होते, तिथे आपल्या केंद्राचा कप्तान कोण, तर डब्यात ज्याचा आकडा सर्वांत मोठा तो. हा नियम ब्रुनिल्दानेच केला होता. अर्थात तेव्हा आकडा तिचा होता.

इराइदा पहिल्या दिवशी “नुसती बघायला” म्हणून आली. तिसऱ्या दिवशी कांडी हातात घेतली आणि दहाच्या दहा खुंट्या आडव्या.

“अगं बाई, हे तर सोपं आहे!” ती टाळ्या वाजवत म्हणाली.

मग कळलं की ब्राँक्सला शिवणाच्या कारखान्यात होती तेव्हा ती दर शुक्रवारी कारखान्याच्या संघातून खेळायची. खऱ्या चेंडूने, खऱ्या लाकडी पट्टीवर.

“मग ही लबाडी झाली,” ब्रुनिल्दा म्हणाली.

“खऱ्या चेंडूने खेळणं ही लबाडी?” दोन्या तात्ती खिदळली. तात्तीचे दात खोटे होते पण जीभ अस्सल होती. “ब्रुनी, मग उद्या म्हणशील, खरी कोंबडी शिजवणारीने इथलं सूप पिऊ नये.”

सगळे हसले. इराइदासुद्धा हसली, आणि हसता हसता तिने ब्रुनिल्दाच्या खांद्यावर हात टाकला. ब्रुनिल्दाच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन महिन्यांत इराइदाच्या चेंडूवर तारे आले. उन्हाळा संपेपर्यंत तिचा आकडा ब्रुनिल्दाच्या पुढे गेला, आणि पोन्सेला कप्तानाची निळी टोपी घालून तीच गेली. आता तिसरी स्पर्धा तोंडावर आली तरी टोपी तिच्याच डोक्यावर होती.

आता कोणी म्हणेल, सत्तरी उलटलेली बाई, नातवंडं असलेली, टीव्हीवरच्या बाहुल्यावरून जळते? जळत होती. पण ती आग डब्यातून निघाली नव्हती. इराइदा एकोणिसाव्या वर्षी बेट सोडून गेली आणि आई ब्रुनिल्दाच्या गळ्यात पडली. आईचं पथ्य, आईचा मोतीबिंदू, आईचं अंथरूण. इराइदा वर्षाला एक खोकं पाठवायची, कोट आणि साबण आणि डबाबंद बिस्किटं, आणि आई शेजारणींना बोलावून ते खोकं उघडायची. शेवटी शेवटी ब्रुनिल्दा आईला कुशीवर वळवत असायची, तेव्हाही आई विचारायची, “इराइदाचा फोन आला का गं?” ब्रुनिल्दा म्हणायची, “येईल.” एवढंच म्हणायची. बाकीचं गिळायची. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या एकटीचं म्हणून काही झालं असेल तर ते या केंद्रात, त्या पांढऱ्या डब्यासमोर. तेही ही बया पांढऱ्या पँटीत येऊन घेऊन गेली.

एक गोष्ट मात्र इराइदाच्या हाताला लागली नव्हती. ती ब्रुनिल्दाच्या पर्समध्ये, कार्मेनच्या माउलीच्या कापडी तावीजासोबत एका छोट्या पाकिटात असायची. नखाएवढं एक कार्ड.

त्याचं असं झालं होतं. इराइदा यायच्या आधी एकदा वीज जाऊन परत आली ती इतक्या जोराने, की केंद्रातला फ्रिज आणि दोन पंखे जळाले. डबा वाचला, पण सगळ्यांचे धाबे दणाणले. तेव्हा बाजारचौकात फोन दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या यारित्साला बोलावलं. यारित्सा चाळिशीची, दोन्ही दंडांवर फुलं गोंदलेली, बोलायला तोडून.

“तुमची सगळी मंडळी या डब्याच्या आत एका चिपमध्ये राहतात,” ती म्हणाली होती. “चिप गेली की मंडळी गेली. नवा डबा विकत आणाल, पण त्यात ही मंडळी नांदणार नाहीत. प्रत्येक डब्याची किल्ली वेगळी असते. या डब्याची प्रत याच डब्यात चालते.”

म्हणून तिने आतल्या सगळ्या स्मृतीची एक प्रत त्या कार्डावर उतरवून दिली, आणि डबा जागा व्हायच्या आधीच टीव्हीवर उघडणारा एक छोटा काळा पडदा बसवून दिला. तिथून प्रत घेता येते आणि परत लिहिताही येते. ब्रुनिल्दा केंद्राच्या खेळमंडळाची प्रमुख, म्हणून तिलाच ते शिकवलं. “दर महिन्याला ताजी प्रत घ्या, दोन्या ब्रुनी. जुनीच्या जागी नवी. शिळी प्रत म्हणजे नसल्यातच जमा.” ब्रुनिल्दा दर महिन्याला इमानाने प्रत घेत होती. शेवटची घेतली ती इराइदा यायच्या आदल्या आठवड्यात.

त्यानंतर घेतली नाही. ताजी प्रत म्हणजे तीत इराइदा आलीच, पुढे तर इराइदा पहिली आणि ब्रुनिल्दा दुसरी, आणि तेच कायमचं जपून ठेवायचं. जुनीच्या जागी नवी! म्हणजे जिथे ब्रुनिल्दा अजून पहिली होती ती एकुलती एक जागा स्वतःच्या हाताने पुसायची. तिचा हात धजेना. दर महिन्याला ती सगळ्यांच्या देखत पर्स उघडायची, कार्ड डब्यात सारायची, टीव्हीकडे पाठ करून थोडा वेळ गंभीर चेहऱ्याने उभी राहायची आणि कार्ड काढून पुन्हा तावीजाशेजारी ठेवायची.

“झाली का प्रत?” कोणीतरी विचारायचं.

“झाली,” ती म्हणायची. आणि घरी जाताना बसमध्ये पर्स मांडीवर घट्ट धरून बसायची. त्यात ती अजून कप्तान होती.

आता दॉन उबाल्दोबद्दल सांगायला हवं. उबाल्दो पूर्वी साखर कारखान्यात क्रेन चालवायचे. केंद्रातला दुसरा आकडा त्यांचा असायचा आणि सकाळची कॉफी ते ब्रुनिल्दाच्या शेजारी बसून प्यायचे. मग त्यांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. परत आले तेव्हा डॉमिनोच्या टेबलाशी बसून नुसते दुसऱ्यांचे डाव बघायचे. ब्रुनिल्दा त्यांना क्रॅकर आणि पेरूचा मुरंबा द्यायची, दया दाखवायची, आणि कांडी त्यांच्यापासून लांब ठेवायची. तिला वाटायचं, उगाच वाईट वाटेल.

इराइदाने सरळ कांडी त्यांच्या डाव्या हातात कोंबली.

“मला डाव्याने जेवतासुद्धा येत नाही, बाईसाहेब,” उबाल्दो म्हणाले.

“जेवायला कोण सांगतंय? फेका.”

तिने त्यांच्यासाठी नवा बाहुला घडवला. तीच मिशी, तेच टक्कल, नाव मात्र ‘डावरा’. जुन्या ‘उबाल्दो’ला हात लावू दिला नाही. “तो उजव्या हाताचा माणूस आहे, त्याचं त्याच्यापाशी. हा शून्यापासून येईल,” ती म्हणाली. आणि डावरा आला. आधी चेंडू शेजारच्या गल्लीत, मग कडेच्या खळग्यात, मग एक खुंटी, मग चार. इराइदा त्यांच्या मागे उभी राहून कोपर धरायची, शिव्या द्यायची, इंग्रजीत ओरडायची. दीड वर्ष लागलं. गेल्या महिन्यात डावऱ्याच्या चेंडूवर तारे उमटले तेव्हा स्वयंपाकघरातल्या बायका हातातली भांडी टाकून बाहेर आल्या. उबाल्दोंनी त्या पडद्याचा फोटो काढून ऑरलँडोला लेकीला पाठवला आणि खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले. ब्रुनिल्दानेही टाळ्या वाजवल्या. पण तिच्या मनात आलं ते असं, की कॉफीसुद्धा आता ते इराइदाच्या शेजारी बसून पितात.

स्पर्धेला दहा-बारा दिवस उरले असताना, भर दुपारी, सराव चालू असताना वीज गेली. वीज जाण्याचं कोणाला काही नाही. ‘गेली’ म्हणून सगळे ओरडले, खिडक्या उघडल्या, डॉमिनोवाले उजेडाकडे सरकले. पण ती लगेच परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा दिवे पांढरेफटक पेटून एक फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. पंखे फिरायला लागले. टीव्ही लागला. डब्याचा दिवाही लागला, पण पडदा काळा तो काळाच.

यारित्सा आली. केंद्रातल्या सगळ्यांनी तिच्याभोवती कडं केलं. तिने मागचं झाकण काढलं, आपलं यंत्र जोडलं, स्वतःचं कोरं कार्ड घालून आतलं वाचून बघितलं. अर्ध्यात अडकलं. पुन्हा वाचलं, पुन्हा तिथेच अडकलं.

“डबा मेलेला नाही,” ती म्हणाली. “आतलं लिखाण विस्कटलंय. लिहीत असतानाच वीज गेली. दोन्या ब्रुनी, प्रत आहे ना?”

सगळे ब्रुनिल्दाकडे वळले. आणि काय सांगावं, कित्येक महिन्यांत कोणी तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. तिने पर्स उघडली, तावीज बाजूला केला आणि कार्ड काढून यारित्साच्या तळव्यावर ठेवलं.

“आय बेंदितो, देवीच पावली!” दोन्या तात्ती छातीवर क्रूस काढत म्हणाली. “ब्रुनी होती म्हणून!”

यारित्साने कार्ड आपल्या लॅपटॉपला लावलं. थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “दोन्या ब्रुनी, जरा स्वयंपाकघरात येता? पाणी हवंय मला.”

स्वयंपाकघरात तिने पाणी घेतलं नाही.

“ही प्रत तीन नाताळांपूर्वीची आहे,” ती हळू आवाजात म्हणाली.

“असेल.”

“दर महिन्याला घेत होता ना?”

“मशीन आहे, पोरी. घेतली नसेल त्याने. मी काय इंजिनिअर आहे?”

यारित्साने तिच्याकडे बघितलं. तोडून बोलणारी बाई, पण आता शब्द निवडून बोलायला लागली. “ऐका. दोन रस्ते आहेत. मी डबा दुकानात नेते. चिप उतरवते, माझ्या वाचकयंत्रावर धीराने वाचते, विस्कटलेलं जुळवते. तीनेक आठवडे जातील. सगळं मिळेल असं वचन देत नाही, पण पुष्कळसं मिळेल, मला तसं वाटतंय. तोवर डबा नाही, सराव नाही. पोन्सेला कप्तान तुम्ही आपसात ठरवा. दुसरा रस्ता, ही जुनी प्रत आत्ता लिहिते. तासाभरात डबा चालू. पण लिहिली की खालचं गेलं. मग मला काय, कोणालाच ते परत आणता येणार नाही.”

“म्हणजे जुनं सगळं जसंच्या तसं येईल?”

“त्या दिवशी होतं तसं.”

ब्रुनिल्दाने गॅसवरच्या पातेल्याकडे बघितलं. त्या दिवशी होतं तसं. पहिलं नाव ब्रुनिल्दा. इराइदाचं नाव नाहीच. उतरलेलं नाही, हरवलेलं नाही, आलेलंच नाही. आणखी कोणाचं काय जाईल हा विचार तिच्या मनाला शिवलाच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. शिवला. मिशी, टक्कल, तारेवाला चेंडू, सगळं डोळ्यांसमोर आलं. तिने ते झटकलं. ते पुन्हा करतील की, तिने मनाला सांगितलं, एकदा केलंय तर पुन्हा करतील.

“लिही,” ती म्हणाली.

“बाकीच्यांना विचारायचं का?”

“प्रमुख मी आहे ना? लिही. आणि दुसरा उपाय नव्हता म्हणून सांग.”

“खोटं मी बोलणार नाही,” यारित्सा म्हणाली. “कोणी विचारलं नाही तर आपणहून सांगायला जाणार नाही. एवढंच माझ्याकडून होईल.”

काळ्या पडद्यावर बारीक चौकटींची जाळी उमटली. एकेक चौकट हिरवी व्हायला लागली. म्हाताऱ्यांना ते फार आवडलं. “भरतंय, भरतंय,” असं ते एकमेकांना सांगत होते. ब्रुनिल्दा मात्र हिरव्याखाली काय पुसलं जातंय ते जाणत होती, आणि तरी एकेक चौकट भरली की तिला आत बरं वाटत होतं. इराइदा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, तिने ब्रुनिल्दाच्या दंडात हात घातला. “बघ, तुझ्यामुळे,” ती म्हणाली. ब्रुनिल्दाने हात सोडवून घेतला नाही. जिंकणाऱ्याला तेवढं परवडतं.

डबा जागा झाला. संगीत सुरू झालं, टाळ्या पडल्या, आणि पडद्यावरच्या मैदानात सगळी मंडळी येऊन उभी राहिली. मग टाळ्या विरळ झाल्या. पहिल्या रांगेत हात हलवत दोन्या मोन्सिता उभी होती. मोन्सिता गेल्या पावसाळ्यात वारली, आणि तिच्या नवव्या दिवसाची माळ जपून झाल्यावर सगळ्यांनी मिळून तिचा बाहुला पडद्यावरून निरोप देऊन काढला होता. बायकांनी भराभर क्रूस काढले.

“ही कशी आली?” तात्तीने विचारलं. “यारित्सा, हे कधीचं आहे?”

“जुनं आहे,” यारित्सा म्हणाली आणि आपल्या वायरी गोळा करायला लागली.

आकड्यांचं पान उघडलं. सगळ्यांत वर ब्रुनिल्दा, तिचा गोल चेहरा, तिचा चष्मा. दुसरे उबाल्दो. इराइदा कुठेच नाही. ब्रुनिल्दाने चोरून बहिणीकडे बघितलं. तिला तो चेहरा बघायचा होता. इतकी वर्षं ती ज्याची वाट बघत होती तो चेहरा, काहीतरी हिसकावून घेतल्यावर माणसाचा होतो तसा. इराइदा पडद्यावर डोळे फिरवत होती. वरून खाली, खालून वर.

“डावरा कुठे आहे?” ती म्हणाली.

यारित्सा वायर गुंडाळत राहिली.

“माझा जाऊ दे, मी पाच मिनिटांत दुसरा करीन. यारित्सा, डावरा कुठे आहे?”

दॉन उबाल्दो पुढे आले. त्यांनी कांडी डाव्या हातात घेतली, आपली टोपी काढून उजव्या काखेत खोचली, आणि मैदानात सगळीकडे शोधून आले. मग ते ‘उबाल्दो’वर थांबले. उजव्या हाताचा, दुसऱ्या आकड्याचा, झटक्याच्या आधीचा उबाल्दो. तो त्यांच्याकडे बघून उड्या मारत होता.

“याच्यावर खेळा ना,” तात्ती म्हणाली. “याचा आकडा छान आहे की.”

उबाल्दोंनी मान हलवली. “माझ्या हाताने खेळलो तर त्याचा आकडा रोज उतरेल. त्याने काय घोडं मारलंय माझं? त्याला राहू दे.”

“मग नवा करू, पुन्हा शून्यापासून,” तात्ती म्हणाली.

“दीड वर्ष, दोन्या तात्ती.” ते हसायचा प्रयत्न करत होते. “मी आता एक्क्याऐंशीचा आहे.”

त्यांनी कांडी टीव्हीखाली नीट आडवी ठेवली. तिची दोरीसुद्धा गुंडाळून ठेवली. मग ब्रुनिल्दाकडे वळून म्हणाले, “दोन्या ब्रुनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. तुम्ही नसता तर हेही मिळालं नसतं.”

ब्रुनिल्दाला वाटलं, यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

“आधीचं वाचता आलं नसतं का?” इराइदाने यारित्साला विचारलं. सरळ, तोंडावर.

यारित्साने वायर गुंडाळणं थांबवलं आणि ब्रुनिल्दाकडे बघितलं. ती बोलणार नव्हती, पण आता विचारलं होतं.

“आलं असतं,” ब्रुनिल्दा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “दुकानात नेऊन वाचलं असतं. डावराही बहुतेक मिळाला असता. मीच नको म्हटलं. आणि प्रतही मी घेतली नव्हती. कधीच नाही. ही आली तेव्हापासून.”

तात्तीचं तोंड उघडं राहिलं आणि पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर पडलं नाही. दॉन उबाल्दोंनी काखेतली टोपी काढली, डाव्या हाताने डोक्यावर चढवली, ती वाकडी बसली, ती तशीच राहू दिली. ते दाराकडे निघाले. त्यांच्या मागून एकेक करून बाकीचे डॉमिनोच्या टेबलाकडे, खिडकीकडे, स्वयंपाकघराकडे पांगले. यारित्साने पेटी बंद केली, कार्ड ब्रुनिल्दाच्या समोर ठेवलं आणि पैसे न मागता गेली.

टीव्हीसमोर दोघी बहिणी उरल्या. पडद्यावर ते पान तसंच होतं.

“बोल,” ब्रुनिल्दा म्हणाली. “मनात आहे ते बोलून टाक. पन्नास वर्षांचं बोल.”

“काय बोलू? मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“तू प्रत घेत नाहीस ते.” इराइदा खुर्चीत बसली, नवा गुडघा लांब करून. ती थकलेली दिसत होती, आणि आत्ता प्रथमच सत्तरीची दिसत होती. “कार्ड घालायचीस, टीव्हीकडे पाठ करून उभी राहायचीस, काढायचीस. प्रतीचा तो काळा पडदा टीव्हीवर एकदाही उघडला नाहीस. मी काय आंधळी आहे?”

ब्रुनिल्दा ताडकन तिच्याकडे वळली. “मग सांगितलं का नाहीस? चारचौघांत माझी अब्रू काढायची एवढी चांगली संधी!”

“अगं, कशाला?” इराइदा म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. “आईचं सगळं तूच केलंस. मला तिकडे घर झालं, कारखान्यातल्या मैत्रिणी झाल्या, नवरे दोन झाले. तुला काय मिळालं? मला वाटलं, पर्समध्ये ठेवते तर ठेवू दे बिचारी. तेवढं तरी असू दे तिच्याकडे.”

बिचारी. ब्रुनिल्दा आयुष्यभर या बाईवर जळत आली होती. तिची खोकी, तिचे कोट, तिचा आकडा, सगळ्यावर. आणि जळताना तिने एक गोष्ट धरूनच ठेवली होती, की पलीकडूनही थोडी धग येत असणार, इराइदालाही हिच्या कशाचा तरी हेवा वाटत असणार. आईच्या शेवटच्या दिवसांचा असेल, बेटावरच्या घराचा असेल, कशाचा तरी. आता कळलं की पलीकडे इतकी वर्षं नुसती कीव होती.

“तेव्हा बोलले असते तर डावरा वाचला असता,” इराइदा स्वतःशीच म्हणाली. “तुझ्याइतकीच माझी चूक.”

“माझ्या चुकीत वाटा मागू नकोस!” ब्रुनिल्दा ओरडली, इतक्या जोराने की डॉमिनोवाल्यांनी माना वळवल्या.

इराइदा उठली, कॉफीच्या टेबलाशी जाऊन दोन कप भरून आणले, एक आपल्यापाशी ठेवला आणि दुसऱ्यात साखर घालून ढवळायला लागली. ब्रुनिल्दाला किती चमचे लागतात ते तिने विचारलं नाही, तिला ठाऊक होतं. पडद्यावर ब्रुनिल्दाचं नाव सगळ्यांत वर होतं, आणि ब्रुनिल्दाने कप घेतला, कारण तिचा स्वतःचा हात पुढे झालाच होता.